बाहेरच्या कंपनीचं काम आपल्या भागात आलं, तर गावाच्या पदरात नेमकं काय पडतं?

पऱ्हाटी · रविवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. माझं गाव तिवसा तालुक्यात. नांदगाव पेठची एमआयडीसी आमच्यापासून बसनं पाऊण तास. २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते अमरावतीच्या पीएम मित्र टेक्सटाईल पार्कचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून आमच्या पारावर हाच विषय. एक हजार एकर जागा, सुतापासून शिलाईपर्यंत सगळं एकाच ठिकाणी, परदेशी ब्रँडचं काम येणार. पोरींच्या आया मला विचारतात, "तू चार वर्सं कंपनीत होती नं बाई, पोरीले धाडू काय?" हो किंवा नाही एवढ्यात सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी एका गारमेंट युनिटमध्ये होते. नाव लिहिणार नाही. आमच्या लाईनवर चाळीस मशिनी. एका टोकाला कापलेल्या तुकड्यांची बंडलं यायची आणि दुसऱ्या टोकाला शर्ट घडी होऊन निघायचा. माझ्याकडे कफ. उजवा कफ, डावा कफ, कडेनं टीप, उलटवून कोपरा टोकदार काढायचा, बंडल बांधून पुढे सरकवायचं. तासाला साठ जोड्या. समोरच्या फळ्यावर सुपरवायझर दर तासाला आकडा लिहायचा, आणि तो आकडा बघत बघत पाणी प्यायलाही उठावंसं वाटत नसे.

एक गोष्ट मी विसरत नाही. शर्टाच्या मानेला लावायची लेबलं पाकिटातून मोजून यायची आणि उरलेली मोजून परत जायची. एक लेबल कमी भरलं की अख्खी लाईन थांबायची आणि आम्ही सगळ्या मशिनीखाली वाकून शोधायचो. कापडाचा तुकडा हरवला तर कोणी इतकं धावत नसे. शर्टात महाग काय आहे, ते मला तिथे कळलं.

मिळालं ते खरंच मिळालं. पगार माझ्या नावाच्या खात्यात जमा व्हायचा. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी माझ्या पैशांतून केलं. लाईनवरच्या कितीतरी पोरींची लग्नं दोन-तीन वर्षं पुढे गेली, कारण घरच्यांना पोरगी कमावते हे दिसायला लागलं. वावरात निंदणाला जाणाऱ्या बाईला पावसाची वाट बघावी लागते, आम्हाला सात तारीख ठाऊक होती.

मग एका हंगामात ऑर्डर दुसऱ्या देशात गेली. कोणत्या, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही निम्म्या जणी ठेकेदाराच्या कागदावर होतो, त्यांना शनिवारी सांगण्यात आलं की सोमवारपासून येऊ नका. घरी आले, शिलाई मशीन घेतली, शेजारचे काका शर्टाचं कापड घेऊन आले. आणि मला कॉलर बसवता येईना. चार वर्षं शर्ट शिवणाऱ्या बाईला अख्खा शर्ट येत नव्हता. त्या रात्री मी रडले. पुढे तिवश्याच्या एका शिंपीकाकांकडे सहा महिने बसले आणि पहिल्यापासून शिकले. आता आमचा बचत गट शाळेचे गणवेश शिवतो.

तर मला या विषयाची दोन्ही टोकं समजून घ्यायची आहेत. कंपन्या आपल्यासारख्या देशात काम का आणतात, का नेतात, आणि येणारच असेल तर गावानं आधी काय मागून घ्यावं? अनुभव असेल तर तो लिहा, पेपरात आलेलं सगळ्यांनी वाचलेलं आहे.

गिरणीचा भोंगा · सोमवार, सकाळी ७.३५

ताई, फार मनापासून लिहिलंत. माझे वडील नागपूरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, म्हणून थोडं मागचं सांगतो.

कारखान्यानं जागा बदलणं आपल्या भागाला नवीन नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरला कापूस मिळेना आणि त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. तो आमच्या सोयीसाठी टाकला नव्हता, गाठी बंदराला न्यायला टाकला होता. कापूस इथून जायचा आणि त्याचंच धोतर होऊन परत इथल्या बाजारात यायचं.

मग जमशेटजी टाटांनी उलटा विचार केला. मुंबई सोडून ते नागपूरला आले, कारण कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे बडनेरा, हिंगणघाट, पुलगाव, अकोला, सगळीकडे भोंगे वाजायला लागले. एम्प्रेसमध्ये १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड होता. इतक्या जुन्या काळी, आणि कायद्यानं कोणी भाग पाडलेलं नसताना.

त्यातून काय उरलं? गिरण्या बंद पडल्या, पण वडिलांच्या पिढीतले फिटर, जॉबर, रंगारी पुढची तीस वर्षं पॉवरलूमवर, वर्कशॉपमध्ये पोट भरत राहिले. साचा, म्हणजे माग, खोलून परत जोडता येणारा माणूस गिरणी गेली तरी उपाशी राहिला नाही. ज्यांच्याकडे फक्त झाडणं आणि वाहणं होतं, त्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिले. तुमच्या कॉलरची गोष्ट वाचून ते दिवस आठवले.

जिनवाला · सोमवार, दुपारी १.२०

हिंगणघाटजवळ जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधतात तिथे, हिशेबनीस आहे. भावनेला धक्का न लावता आकडे मांडतो.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. एका टी-शर्टला कातरण आणि सुताची घट धरून पाव किलो रुई लागते असं समजा. म्हणजे एका क्विंटलमध्ये १३५ टी-शर्ट. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. भागाकार केला तर एका टी-शर्टमागे कापूस साठ रुपयांचा. सरकी वेगळी विकली जाते, ते पैसे वजा केले तर चाळीस-पंचेचाळीस. तोच टी-शर्ट युरोपातल्या दुकानात दहा युरोला, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास विकला जातो.

मधले साडेनऊशे कुठे गेले? सूत, विणाई, रंगाई, शिलाई, जहाज, दुकानाचं भाडं, जाहिरात आणि ताईंनी मशिनीखाली शोधलेलं ते लेबल. आज आमच्या जिनमधून १७० किलोची गाठ बांधून निघते ती कोइमतूरला जाते, गुजरातला जाते, बांगलादेशला जाते. इथे आम्ही फक्त पहिली पायरी करतो आणि सगळ्यात कमी पैसा त्याच पायरीला आहे. म्हणून मी म्हणेन, येऊ द्या. सूतगिरणी आली, विणाई आली, शिलाई आली तर त्या साडेनऊशेतले शे-दीडशे तरी अमरावती विभागात राहतील. गाव राखायचं म्हणून कारखाना नको म्हणणाऱ्यांची पोरं पुण्याला आणि सुरतेला गेलेलीच आहेत.

वावरातला · सोमवार, रात्री ९.०५

भाऊ हो, मी घाटंजीकडचा कास्तकार. तुमचा हिशेब बराबर हाय. पन त्यात एक रकाना नाई. कारखान्याच्या मांगं-मांगं काय येते, ते बी लिहा लागते.

२०१७ च्या फवारनीत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर मानसं मेली. माया गावचे दोघं दवाखान्यात पंधरा-पंधरा दिवस होते. एकाले अजून डोयानं नीट दिसत नाई, तो आता बकऱ्या चारते. त्या वक्ती वावरात जी औषधं चालत होती त्यात डायफेन्थ्युरॉन होतं. युरोपात ते कवाच बंद केलं होतं. जे त्याइच्या मानसाले चालत नाई, ते आमच्या मानसाले कसं चालते?

अन् भोपाळ आपल्यापासून कितीक दूर हाय? १९८४ च्या डिसेंबरात २ तारखेच्या रात्री युनियन कार्बाइडचा वायू सुटला. मालक अमेरिकेत. हजारो लोकं मेले अन् १९८९ मधी ४७ कोटी डॉलरवर मिटवलं. तिथी जसा कायदा पायतात तसाच इथी पायला असता तर टाकी अशी राह्यली असती काय?

दुसरं. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. कापडवाल्याइचं नुकसान होऊ नये म्हनून सरकारनं १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, मंग ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आमचा पह्यला वेचा दसऱ्याले निंघते. म्हनजे आमचा माल बाजारात आला तवाच बाहेरची गाठ बिनशुल्काची. कारखाना जगला पाह्यजे हे मले बी मान्य हाय. पन त्याले जगवाले दरवेळी कास्तकाराचाच भाव काहून पाडता?

दूरदेशी · मंगळवार, पहाटे ४.५०

मूळचा आर्वीचा, पंचवीस वर्षं मिशिगनमध्ये आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. पऱ्हाटीताईंनी दुसरं टोक विचारलंय, ते मी पाहिलं आहे. खरं तर त्यात माझाही हात होता.

१९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा खुल्या व्यापाराचा नाफ्टा करार लागू झाला, डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. २००० साली अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या सुमारे १ कोटी ७० लाख होत्या, २०१० मध्ये १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरल्या. त्यातल्या कितीतरी यंत्रमानवांनी आणि २००८ च्या मंदीनं खाल्ल्या, सगळं खापर परदेशावर फोडणं बरोबर नाही. पण आमची लाईन मेक्सिकोला गेली हे नक्की, कारण ती खोलून पाठवणाऱ्या टीममध्ये मी होतो.

मशिनी उचलल्या तेव्हा खाली सिमेंटवर त्यांच्या आकाराचे फिकट चौकोन राहिले. तीस वर्षांची धूळ आणि तेल बाजूला, आणि मधे तेवढी जागा नवी कोरी. आमचा एक सेटर, म्हणजे मशिनी जुळवून देणारा कारागीर होता, साठीला आलेला. त्याच्या खिशात एक वही असायची. कोणत्या मशीनला थंडीत किती दाब, नवीन स्टीलच्या गठ्ठ्याला किती, सगळं त्यात पेन्सिलनं लिहिलेलं. तिकडच्या मुलांना शिकव म्हणून त्याला सांगितलं. त्यानं दोन आठवडे नीट शिकवलं, वही मात्र मागितली तेव्हा दिली नाही. मेक्सिकोत पहिले तीन महिने भंगारच निघालं. मजुरीत जे वाचणार होतं त्यातलं पुष्कळ विमानभाड्यात, परत पाठवलेल्या मालात आणि उशिराच्या दंडात गेलं.

कंपनीच्या बाजूनं फायदे खरे आहेत, ते नाकारून चालणार नाही. मजुरी कमी, जमीन आणि वीज सवलतीत, शिवाय जिथे गिऱ्हाईक वाढतंय तिथेच माल तयार. पण तोटे कागदावर उशिरा दिसतात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एक जहाज सहा दिवस आडवं अडकलं, तेव्हा इथल्या कितीतरी लाईनी नुसत्या उभ्या राहिल्या.

आमचं गाव मात्र परत उठलं नाही. आधी कारखान्यासमोरचं जेवणाचं ठिकाण बंद झालं, मग शाळेचे दोन वर्ग. तो सेटर आता दुकानात सामान लावतो. मेक्सिकोच्या मुलांवर माझा राग नाही. ती माझ्यासारखीच होती, लहान गावातून आलेली, पहिला पगार घरी पाठवणारी. म्हणूनच मला या विषयात एका बाजूनं बोलता येत नाही.

पऱ्हाटी · मंगळवार, सकाळी ११.१५

दूरदेशी दादा, तुमचं वाचून हातातलं काम राहिलं. आमची ऑर्डर जिकडे गेली तिकडच्या पोरींचा विचार मी कधी केला नव्हता. आज केला.

ढाक्याची वारी · मंगळवार, संध्याकाळी ६.४०

मी अकोल्याची, मर्चंडायझर आहे, ब्रँड आणि कारखाना यांच्या मधलं काम. कामानिमित्त ढाक्याला बरीच वर्षं जाणं-येणं होतं. ताईंना तिकडच्या पोरींबद्दल सांगते.

बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. तरी तिथे कपड्यांच्या कारखान्यांत सुमारे ४० लाख माणसं, त्यात बायका जास्त, आणि देशाच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांवर वाटा कपड्यांचा. हे आलं कुठून? १९७९ मध्ये दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीनं तिथल्या देश गारमेंट्सशी करार केला. कोरियाच्या कपड्यांवर श्रीमंत देशांनी कोटा, म्हणजे आयातीची मर्यादा लावली होती, म्हणून त्यांना कोटा नसलेला देश हवा होता. करारात एक चांगली गोष्ट होती. देश गारमेंट्सच्या शंभराहून जास्त लोकांना कोरियात नेऊन शिकवलं, नुसती शिलाई नाही तर कटिंग, मालाची तपासणी, खरेदी, परदेशी पत्रव्यवहार. त्यातले बहुतेक पुढच्या काही वर्षांत बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचे कारखाने काढले. देवूचा करार काही वर्षांत संपला, धंदा तिथेच राहिला. गिरणीच्या काकांनी लिहिलं तेच हे, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आणि दुसरी बाजू. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळचं सावर, राणा प्लाझा. आठ मजली इमारत. आदल्या दिवशी भिंतींना भेगा पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपल्या लोकांना येऊ नका सांगितलं. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या बायकांना मात्र सकाळी आत पाठवलं, कारण ऑर्डरची तारीख जवळ होती. १,१३४ माणसं गेली. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या दुकानांची लेबलं सापडली. ताई, तुम्ही मशिनीखाली वाकून शोधत होता तशीच लेबलं. ती सापडली म्हणून तर ब्रँडना हात झटकता आले नाहीत. त्यानंतर मे २०१३ मध्ये अकॉर्ड नावाचा करार झाला, इमारत आणि आगीच्या तपासणीचा, ब्रँडना कायद्यानं बांधणारा. तपासणीला मी कारखान्यांबरोबर होते. जिने रुंद झाले, कुलपं लावलेले दरवाजे उघडे झाले, हे मी पाहिलं आहे. किमान पगार २०१० मध्ये ३,००० टका होता, राणा प्लाझानंतर ५,३०० झाला, डिसेंबर २०२३ पासून १२,५०० आहे. आणि त्यातली प्रत्येक वाढ कामगारांनी रस्त्यावर येऊन मिळवलेली आहे.

पाण्याचंही लिहिते. शिलाईला पाणी लागत नाही, रंगाईला अतोनात लागतं. तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी नासवली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ते बंद करायचा आदेश दिला. मग कुठे सांडपाणी एक थेंबही बाहेर न सोडण्याची यंत्रणा बसली. आपल्याकडे पार्क येतोय तेव्हा हे काम पहिल्या दिवसापासून हवं.

वावरातला · मंगळवार, रात्री ८.३०

ताई, पान्याचं बेस लिहिलं तुमी. अप्पर वर्धा धरनाचं पानी वीज कारखान्याले द्याचं म्हनून मागं केवढी आंदोलनं झाली, लोकं विसरले काय? धरन बांधलं तवा ओलिताचं म्हनून सांगितलं होतं.

जिनवाला · मंगळवार, रात्री ९.१०

वावरातले भाऊ, शुल्काच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं आहे. आमच्या जिनवरच गाडीवाल्यांचे चेहरे पाहिले मी त्या महिन्यात. पण एक सांगतो, इथे सूतगिरणी असती तर तुमच्या कापसाला जवळचं गिऱ्हाईक असतं. बाहेरची गाठ मुंबई बंदरावरून इथवर आणायचं भाडं त्यांच्या अंगावर पडलं असतं, तुमच्या नाही.

आणि करार झाला म्हणजे कारखाना आला असं कोणी समजू नये. २०१५ मध्ये फॉक्सकॉननं महाराष्ट्रात ५ अब्ज डॉलर गुंतवायचा करार केला होता. पेपरात पानभर फोटो आले. तो कारखाना उभा राहिला नाही. चिमणी दिसेपर्यंत कोणी वावर विकू नका.

फिटर सेकंड इयर · बुधवार, सकाळी ८.००

कारंजा लाडला आयटीआय करत आहे. इथे एवढे जाणते लोक लिहितात म्हणून विचारतो. टेक्सटाईल पार्कची वाट बघू की नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीचं बघू? तिथे विमानाचे भाग बनतात, फाल्कन २००० विमान २०२८ पर्यंत तिथे जोडणार असं वाचलं. आमच्या सरांचं म्हणणं, ऑपरेटर म्हणून लगेच लागशील, पण मला काय शिकू ते समजत नाही. घरी दोन एकर कोरडवाहू आहे.

दूरदेशी · बुधवार, सायंकाळी ५.२५

भाऊ, जिथे मिळेल तिथे लाग, पण मेंटेनन्समध्ये जायचा हट्ट धर. बंद पडलेली मशीन चालू करणारा माणूस कापडाच्या कारखान्यातही लागतो आणि विमानाच्याही. मोजमापाची हत्यारं हातात बसव, मायक्रोमीटर, डायल गेज. पीएलसीचा, म्हणजे मशीन आपोआप चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा कोर्स आयटीआयनंतर करून घे. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेव, पेन्सिलनं लिही, तेलाच्या हातानं शाई पसरते.

गिरणीचा भोंगा · बुधवार, सायंकाळी ७.५०

माझ्या वडिलांचीही अशीच वही होती. मोडी आणि मराठी मिसळून लिहिलेली. घरात आहे अजून.

पऱ्हाटी · बुधवार, रात्री १०.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बचत गटाच्या बैठकीत हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. राणा प्लाझाचं वाचताना दोघी उठून बाहेर गेल्या. त्यांच्या पोरी आत्ता एमआयडीसीत आहेत.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे. पोरीला पाठवू का म्हणणाऱ्यांना मी पाठवा असंच सांगणार, पण आधी नियुक्तीचा कागद कंपनीचा आहे की ठेकेदाराचा ते बघा आणि पीएफचा नंबर पहिल्याच महिन्यात मागा. दुसरं, युनिट आमच्याकडून माणसं नेणार असेल तर दर सहा महिन्यांनी मशीन बदलून द्या, कफवालीला कॉलर, कॉलरवालीला बाही, असं लेखी मागायचं. सुपरवायझर म्हणतील टार्गेट पडेल. पडेल पहिले दोन आठवडे, मी त्या मशिनीवर बसले आहे, मला ठाऊक आहे. पाण्याचा प्रश्न वावरातले भाऊंनी आणि ढाक्याच्या ताईंनी लिहिला तसाच्या तसा घेते, रंगाईचं सांडपाणी कुठे जाणार ते नकाशावर दाखवा म्हणून. आणि संकटाच्या वेळी बाहेर पडायचा दरवाजा उघडा असतो का, हे गावातल्या पाच बायकांनी आत जाऊन बघायचं.

आमच्या गटानं शनिवारपासून संध्याकाळी सात ते नऊ पोरींना पूर्ण शर्ट शिकवायचं ठरवलं आहे. शिंपीकाका यायला तयार आहेत, त्यांना फक्त घरून आणून सोडायचं. तीन मशिनी आहेत, चौथीची मोटर जळाली आहे.

फिटर भाऊ, कारंज्याहून तिवसा लांब पडेल, पण जळालेली मोटर बघता येत असेल तर व्यक्तिगत निरोप करा. फोन नंबर धाग्यावर टाकू नका.

फिटर सेकंड इयर · बुधवार, रात्री ११.०५

निरोप पाठवला आहे ताई. रविवारी सुट्टी असते. मोटरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, किती एचपीची आहे ते आधी बघून वाइंडिंगची तार घेऊन येतो.